रुग्णसाहित्य केंद्रांना वस्तूंइतकीच हातांचीही गरज

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाढदिवस, आईवडिलांचा स्मृतिदिन, मंडळाचा सुवर्णमहोत्सव अशा निमित्ताने कुणी रुग्णसाहित्य केंद्राला व्हीलचेअर, वॉकर, कॉट दिल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नेहमी वाचायला मिळतात. देणाऱ्यांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळेच पुण्यात पेठांपासून धनकवडीपर्यंत आणि कोथरूडपासून हडपसरपर्यंत गरजू माणसाला नाममात्र भाड्यात, प्रसंगी फुकटही, या वस्तू मिळतात. हे पत्र त्या बातमीच्या पुढच्या भागाविषयी आहे. वस्तू योग्य माणसाला, योग्य मापाची, चालू स्थितीत मिळावी, घरी नीट बसवली जावी, काम झाल्यावर परत यावी आणि धुऊनपुसून पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावी, हे सगळे कुणाला तरी करावे लागते. ते करणारा कार्यकर्ता बहुतेक ठिकाणी एकटा असतो आणि साठी ओलांडलेला असतो. केंद्रांच्या कोपऱ्यात खुर्च्या धूळ खात पडलेल्या दिसतात, त्या दुरुस्त करायला हात नाहीत म्हणून. नव्या खुर्च्या आणून हा प्रश्न सुटत नाही.

केंद्रात फोन साधारण संध्याकाळी येतो. "उद्या दवाखान्यातून सोडताहेत, बेड पाहिजे." घरच्यांना तेवढेच माहीत असते, कारण दवाखान्यात त्यांना तेवढेच सांगितलेले असते. जाणता कार्यकर्ता लगेच हो म्हणत नाही. पेशंटचे वजन अंदाजे किती, आपले आपण कुशीवर वळता येते का, उठून उभे राहता येते का, नाकात किंवा लघवीला नळी आहे का, रात्री जवळ कोण असते, हे तो आधी विचारतो. मग घराकडे वळतो. कितवा मजला, लिफ्ट आहे का, जिन्याच्या वळणावर जागा किती, संडास-बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती. हा शेवटचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आपल्या सोसायट्यांमध्ये बाथरूमचे दार पुष्कळदा २४ इंचांचे असते, आणि नेहमीची व्हीलचेअर चाकांच्या कड्यांसकट २५-२६ इंच भरते. खुर्ची दारातच अडते. मग दोन माणसे पेशंटला बखोटीला धरून आत ओढतात आणि ओल्या फरशीवर तिघेही घसरतात. अशा घरात लहान चाकांची, कमी रुंदीची कमोड चेअर द्यायला हवी. टेप घेऊन एक माणूस आधी घरी गेला असता तर हे तेव्हाच कळले असते.

व्हीलचेअरचे माप घ्यायला यंत्र लागत नाही. पेशंटला सपाट स्टुलावर बसवायचे, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तके उभी टेकवायची आणि त्यांच्यामधले अंतर मोजायचे. त्यात दोन इंच मिळवले की बैठकीची रुंदी मिळाली. बैठक पुढून मागे किती खोल हवी, त्यासाठी पाठीच्या टेकूपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत मोजून दोन इंच कमी करायचे. केंद्रांमधल्या बहुतेक खुर्च्या १८ इंची असतात. चाळीस किलोच्या आजींना ती सैल होते. त्या एका हाताकडे कलून बसतात आणि चार दिवसांत कंबर दुखते म्हणून खुर्ची नकोच म्हणतात. दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेले टॉवेल लावले की हा प्रश्न सुटतो. पावठाण, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, जमिनीपासून दोनेक इंच वर हवे, आणि मांडी बैठकीवर पूर्ण टेकलेली हवी. पावठाण फार वर असेल तर गुडघे उचलले जातात, सगळा भार माकडहाडाच्या आसपास येतो आणि जखम तिथूनच सुरू होते. बैठकीचे रेक्झिन झोळीसारखे लोंबले की असाच त्रास होतो. त्यावर १२ मिलिमीटर प्लायवूडची फळी, फळीवर दोन इंच जाड टणक फोम आणि वर सुती खोळ हा उपाय स्वस्त आहे आणि टिकतो. मेडिकल दुकानात मिळणारी रबराची गोल, मध्ये भोक असलेली हवेची गादी मात्र पुष्कळ घरांत प्रेमाने आणली जाते, ती वापरू नये. भोकाच्या कडेने दाब येतो, मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ज्या जखमेसाठी ती आणली तीच जखम वाढते.

आता खुर्ची परत आल्यावरचे काम. पुढची दोन लहान चाके वळत नाहीत, खुर्ची एका बाजूला ओढते, अशी तक्रार असते. शंभरातल्या बहुसंख्य वेळा कारण एकच. चाकाच्या आसाभोवती केस, साडीचे दोरे आणि पायपुसणीच्या चिंध्या गुंडाळलेल्या असतात. खुर्ची आडवी करून दोन पान्यांनी नटबोल्ट सोडवायचा, चाक बाहेर काढायचे, आसावरचा गुंता ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढायचा, छर्रे रॉकेलने पुसून थोडे ग्रीस लावायचे आणि चाक परत बसवायचे. नट इतकाच आवळायचा की चाक मोकळे फिरले पाहिजे पण हलले नाही पाहिजे. एका चाकाला वीस मिनिटे पुरतात. ही वीस मिनिटे द्यायला कुणी नाही म्हणून चांगली खुर्ची भंगारात जाताना दिसते, तेव्हा फार वाईट वाटते. हवेचे टायर असतील तर हवा आधी तपासावी, कारण हवा कमी असली की ब्रेकची पट्टी टायरला नीट दाबत नाही आणि लोक ब्रेक खराब झाला असे समजतात. पावठाणाच्या नळ्या घरचे लोक काढून माळ्यावर ठेवतात आणि परत देताना विसरतात. म्हणून नेताना आणि आणताना खुर्चीचा फोटो काढून ठेवावा, वादाला जागा राहत नाही.

वापरणाऱ्याला देताना चार गोष्टी करून दाखवाव्या लागतात, सांगून भागत नाही. उठताना-बसताना आधी दोन्ही ब्रेक लावायचे, मग पावठाणे वर दुमडायची. पावठाणावर उभे राहून उठायला गेले की खुर्ची पुढे उलटते, आणि घरातले पुष्कळ अपघात असेच होतात. पायरी उतरताना खुर्ची उलटी धरायची, म्हणजे मोठी चाके आधी खाली येतात. पायरी चढताना मागच्या नळीवर पाय देऊन पुढची चाके उचलायची. उतरंड बनवायची असेल तर दर एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरावी. सहा इंचांच्या उंबऱ्याला दोन फुटांची फळी लावलेली आपण बघतो, पण त्यावर खुर्ची ढकलणारा माणूसही धडपडतो.

वॉकर ही सगळ्यांत जास्त मागणी असलेली आणि सगळ्यांत कमी काळजीने दिली जाणारी वस्तू. पेशंटने रोजची चप्पल घालून सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचे. वॉकरची मूठ मनगटाच्या वळीच्या रेषेत आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडासाच वाकतो. चारही पायांच्या टिकल्या, म्हणजे उंची ठरवणारी दाबायची बटणे, सारख्याच क्रमांकाच्या भोकात बसल्या आहेत ना, हे मोजून पाहायचे, कारण एक पाय एका भोकाने लांब राहिला तरी वॉकर डुगडुगतो. पायांच्या रबरी बुचांच्या तळाला वर्तुळे असतात. ती गुळगुळीत झाली की बूच बदलायचे. वाड्यातल्या शहाबादी फरशीवर पावसाळ्यात झिजलेले बूच म्हणजे खुब्याचे हाड मोडायला निमंत्रण. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. कुबड्यांची गादी काखेच्या दोन-तीन बोटे खाली हवी आणि भार तळहातावर यायला हवा. काखेवर लोंबकळत चालल्याने तिथली शीर दबून हात बधिर होतो, मनगट उचलेनासे होते.

फाउलर बेडची, म्हणजे हँडल फिरवून पाठ आणि गुडघ्यांकडचा भाग उचलता येणाऱ्या दवाखान्याच्या कॉटची, मागणी करणाऱ्यांतल्या अनेकांना खरे तर फाउलर बेड लागतच नाही. हे सांगणे कार्यकर्त्याला जड जाते, पण सांगितले पाहिजे. जो माणूस रात्री आपला आपण उठून लघवीला जातो, त्याच्यासाठी उंच कॉट धोक्याची आहे. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. बहुतेकांना गादीसकट १८ इंचांच्या आसपासची उंची सोयीची पडते, आणि दवाखान्याची कॉट गादीसकट त्याहून बरीच उंच होते. त्यात कठडे वर केलेले असले की रात्री आजोबा कठडा ओलांडायला जातात आणि आणखी उंचावरून पडतात. अशा घरात आपलीच कॉट, त्यावर बॅकरेस्ट, शेजारी कमोड चेअर आणि रात्रभर एक मंद दिवा एवढे पुरते. जो पेशंट पूर्ण अंथरुणाला खिळला आहे, ज्याला नळीने अन्न द्यायचे आहे, त्याला फाउलर द्यावी. शिवाय शनिवार, कसबा, नारायण पेठांतल्या वाड्यांचे लाकडी जिने असे की कॉटचा सांगाडा वळणावर उभा करूनही फिरत नाही. टेम्पो दारात आणून परत नेण्यापेक्षा आदल्या दिवशी जिन्याचे माप घेतलेले बरे. टेम्पोचे भाडे त्या घरालाच पडते.

फाउलरला पायाकडे दोन हँडल असतात, एक पाठीचे आणि एक गुडघ्याचे. आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचलायचा आणि मग पाठ. उलटे केले की पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड सरकते आणि कमरेखालची कातडी आतून फाटते. नळीने अन्न देताना पाठ ३० ते ४५ अंशांवर हवी आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. एरवी ३० अंशांच्या वर फार वेळ ठेवू नये. हँडल फिरवून झाले की आत दुमडायचे. घरातल्या प्रत्येकाच्या नडगीवर त्याची खूण असते. हँडल शेवटाला लागल्यावरही जोर केला तर स्क्रूचे आटे जातात, आणि कॉटची सर्वांत महाग दुरुस्ती तीच.

पडून असलेल्या पेशंटला आपल्याकडे ज्याला अल्फा बेड म्हणतात ती हवेची गादी देतात. तिच्या नळ्या आलटून-पालटून फुगतात, साधारण दर दहा मिनिटांनी भार बदलतो. ती नेहमीच्या गादीवर घालायची, पंप पायाकडच्या फळीला अडकवायचा, आणि वर एकच पातळ सुती चादर सैल टाकायची. वर रबर शीट, गोधडी, दुहेरी चादर घातली की गादीचा उपयोग संपला. हवा पुरेशी आहे का हे ओळखायला तळहात वर करून हवेच्या गादीखाली, पेशंटच्या माकडहाडाच्या नेमका खाली, सरकवायचा. हाड आणि हात यांच्यामध्ये निदान एक इंच हवेची गादी जाणवली पाहिजे. हाड हाताला लागले तर हवा वाढवायची. ही तपासणी रोज एकदा. ती करूनही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. गादी आणली म्हणजे कूस बदलणे संपले हा समज आम्हाला घरोघर आढळतो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. टाचांखाली गादी पुरत नाही, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा झाला नाही, तर तिथे भार पूर्ण बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्या जागी चोळू नये, पावडर थापू नये.

गादी बसण्याची कारणे ठरलेली. पंपाची नळी कॉटच्या सांगाड्यात चिमटते, चादरीला टाचणी लावलेली असते, पडून असलेल्या गादीला उंदीर कुरतडतात. गळती शोधायला फुगवून साबणाच्या पाण्याचा फेस फिरवायचा, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करायची. सायकलच्या पंक्चरचे ठिगळ इथे चिकटत नाही, कारण गादी रबराची नसून पीव्हीसीची असते. पीव्हीसीचाच तुकडा गोल कापून, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, पीव्हीसी सोल्युशन लावून वजनाखाली चोवीस तास ठेवायचा. पंप घुंघुं करतो पण हवा देत नाही, तेव्हा आतला रबरी पडदा फाटलेला असतो. तो पडदा वेगळा मिळतो, पण पंप उघडायची सवय असलेला माणूस हवा.

ऑक्सिजन मशीनचा विषय सर्वांत नाजूक आहे. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत मंडळांनी, सोसायट्यांनी, कंपन्यांनी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी ही मशीन, भरभरून दिले. त्यांतले किती आज जिन्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतील! या मशीनच्या आत हवेतला नायट्रोजन शोषणारे झिओलाइटचे खडे असतात. मशीन महिनोन्महिने बंद राहिले की ते खडे दमटपणा शोषून घेतात. मग मशीन चालू होते, आवाज करते, त्याच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडेही येतात, पण नळीतून जेवढा हवा तेवढा शुद्ध ऑक्सिजन येत नाही. चांगल्या मशीनमध्ये ९० टक्क्यांच्या वर शुद्धता हवी. ती फक्त ऑक्सिजन अॅनालायझरने मोजता येते, बुडबुड्यांवरून ओळखता येत नाही. ज्यांच्या सोसायटीत मशीन आहे त्यांनी ते महिन्यातून एकदा तास-दीड तास चालवावे आणि शुद्धता मोजून घ्यावी. शुद्धता न मोजलेले मशीन कुणालाही देऊ नये.

देताना डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच, आणि तिच्यात मिनिटाला किती लिटर आणि दिवसाला किती तास हे लिहिलेले हवे. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, अनेक रुग्णांना दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन लागतो. घरचे लोक दम लागला की लावतात आणि बरे वाटले की बंद करतात. कारण विजेचे बिल. मिनिटाला पाच लिटर देणारे मशीन साधारण ३५० वॉट घेते, म्हणजे चोवीस तास चालवले तर दिवसाला आठ युनिटांच्या वर आणि महिन्याला अडीचशे युनिट. हे आकडे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजेत. गरीब घरात मशीन फुकट मिळूनही बिल भरता येत नाही, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. या पत्राच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते की दानशूर मंडळींनी मशीनबरोबर अशा एका घराचे वीजबिल उचलले, तर ती मदत नव्या मशीनइतकीच मोठी आहे. उलट बाजूचा धोकाही आहे. दम वाढला म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने लिटर वाढवायचे नाहीत. सीओपीडीच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन दिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून तो गुंगीत जातो. अशा रुग्णांसाठी डॉक्टर ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवतात. बोटाला नेलपॉलिश असेल किंवा हात गार पडला असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून हात चोळून गरम करून पाहावे.

मशीन भिंतीपासून एक फूट लांब ठेवायचे, पडदा किंवा गादी त्याला टेकू द्यायची नाही. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच लावायचा. मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी दोन रेषांच्या मध्ये, रोज बदलायचे. रेषेच्या वर भरले की पाणी नळीतून नाकात जाते. बुडबुडे येत नसतील तर बहुधा बाटलीचे झाकण तिरके बसलेले असते. नाकातली टोके पेल्यातल्या पाण्यात बुडवून हवा येते का पाहता येते. नाक कोरडे पडले तर व्हॅसलीन लावू नये, पाण्यात विरघळणारी जेल वापरावी. आणि आपल्या घरांतली खास गोष्ट. पुष्कळ ठिकाणी पेशंटची कॉट देवघराच्या खोलीत असते. निरांजन, उदबत्ती, कापूर त्या खोलीत लावू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण चादर आणि केस क्षणात पेटवतो. देव काही दिवस दुसऱ्या खोलीत हलवा, हे सांगायला कार्यकर्त्याच्या अंगी गोडी लागते.

वीज गेली तर काय, हे पहिल्या दिवशी ठरवायचे. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्यामुळे गुरुवारची तयारी बुधवारी रात्री. घरच्या इन्व्हर्टरची १५० अॅम्पिअर-अवरची बॅटरी चांगली असेल आणि दुसरे काही चालू नसेल, तर पाच लिटरचे मशीन तीन-चार तास चालते. त्याहून जास्त धरू नये. ऑक्सिजनचा एक बी टाइप सिलिंडर राखीव ठेवावा. त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो, मिनिटाला दोन लिटर लावले तर बारा तास पुरतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायचा, आणि त्याच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही. चाक आवळताना ग्रीस लावणारा कार्यकर्ताच सिलिंडरही बसवतो, म्हणून हे लिहिले. आधी हात साबणाने धुवायचे.

परत आलेल्या वस्तूंची सफाई हे केंद्रातले सर्वांत कष्टाचे आणि कुणाला न दिसणारे काम. आधी साबणाच्या पाण्याने घासून मळ काढायचा, कारण मळावर जंतुनाशक काम करत नाही. मग एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे बाजारातल्या पाच टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी, फडक्याने लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे. नंतर साध्या पाण्याने पुसायचेच, नाहीतर लोखंड गंजते आणि रेक्झिनला चिरा पडतात. संडास धुवायच्या अॅसिडबरोबर हे कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. कॉटच्या सांध्यांमध्ये ढेकूण असतात. एका घरातून दुसऱ्या घरात ते केंद्रामार्फत जाऊ नयेत म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक फटीत उकळते पाणी ओतावे लागते, आठवड्याने परत एकदा, कारण अंडी उरतात.

वस्तू परत मिळणे हा वेगळा विषय. अनामत रक्कम वस्तूच्या किमतीच्या मानाने फार कमी असेल तर ती परत येत नाही, फार जास्त असेल तर गरीब घर ती नेतच नाही. अनामत झेपत नसेल तिथे ओळखीच्या एका माणसाची सही घ्यावी, वस्तू अडवू नये. परत न येण्याचे मोठे कारण अप्रामाणिकपणा नसतो. पेशंट गेलेला असतो आणि घरच्यांना त्या खुर्चीला हात लावावासा वाटत नाही. ती गॅलरीत, मग पार्किंगमध्ये, मग पावसात जाते. अशा घरी तेराव्यानंतर फोन करावा, आधी नाही. पैशांचा विषय काढू नये, "आम्ही टेम्पो पाठवतो, तुम्ही काही करू नका" एवढेच म्हणावे. हा फोन कुणी आणि कसा करायचा, हे काही केंद्रांमध्ये फार उत्तम जमलेले आहे. तिथल्या वस्तू वर्षानुवर्षे फिरत राहतात.

एवढे सविस्तर लिहिण्याचा हेतू मागणी नेमकी व्हावी हा. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या शहरात हजारोंनी आहेत. त्यांचा आठवड्यातला एक दिवस जवळच्या केंद्राला मिळाला तर वर लिहिलेली बहुतेक दुरुस्ती होते. आयटीआयच्या मुलांना चाक, छर्रे, वेल्डिंग शिकायला यापेक्षा चांगले काम मिळणार नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन वॉकरचे आणि खुर्चीचे माप घेतले तर त्यांचाही सराव होतो. महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रांमध्ये एक कोपरा, एक टेबल, एक नळ आणि थोडी उन्हाची जागा मिळाली तर दुरुस्ती आणि धुणे दोन्ही होईल. देणाऱ्यांनी व्हीलचेअरबरोबर पुढच्या चाकांची एक जोडी, ब्रेकचा एक संच आणि वॉकरची डझनभर बुचे द्यावीत. त्याचा खर्च खुर्चीच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि मोडकी वस्तू "दुरुस्त करून घ्या" म्हणून देण्याऐवजी दुरुस्तच करून द्यावी. वापरून उरलेली औषधे, फोडलेली पाकिटे आणू नयेत, ती कुणालाच देता येत नाहीत.

ज्यांना वस्तू कायमची लागणार आहे त्यांना कार्यकर्त्याने योजनेची वाटही दाखवावी. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे, त्यात गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधने मोफत मिळतात. दिव्यांग व्यक्तीचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढून घ्यावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही घरातल्या फोनजवळ लिहून ठेवावी.

रुग्णालयांना एकच विनंती. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यावी, आणि संपादक महोदय, आपण ती आपल्या वृत्तपत्रात चौकटीत छापावी, म्हणजे ज्यांना रुग्णालयाने दिली नाही ते कात्रण घेऊन येतील. चिठ्ठीत एवढेच हवे: पेशंटचे वजन. स्वतः कुशीवर वळतो का, उभा राहतो का. कोणत्या नळ्या आहेत आणि कधी बदलायच्या. ऑक्सिजन असेल तर किती लिटर, किती तास, ऑक्सिमीटरवर किती ते किती. कातडीवर कुठे लाली किंवा जखम आहे का. आणि अडचण आली तर वॉर्डातल्या कुणाला, कोणत्या वेळेत फोन करायचा. त्याखाली घरच्यांनी स्वतः भरायच्या दोन ओळी: संडासाच्या दाराची मोकळी रुंदी, आणि कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही.

कळावे,
आपले,
रुग्णसाहित्य केंद्रांत काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे